आधी कारकुनाचं टेबल बघा

इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए.चं शेवटचं वर्ष किंवा एम.ए. करणाऱ्यांच्या वाट्याला कधी ना कधी ऑर्वेल, हक्सले, ब्रॅडबरी किंवा अ‍ॅटवूड येतातच. मग वर्गात ‘डिस्टोपियन कादंबरीची वैशिष्ट्ये’ फळ्यावर लिहिली जातात: हुकूमशाही, पाळत, प्रचार, व्यक्तिस्वातंत्र्याचा ऱ्हास. चार मुद्दे, प्रत्येकी एक उदाहरण, झालं उत्तर. मीही एम.ए.ला हे मुद्दे पाठ केले होते आणि त्यांच्यावर मार्कही मिळतात, खोटं कशाला बोला. पण त्या मुद्द्यांनी पुस्तक उघडत नाही. मेढ्यात राहून साताऱ्याला एस.टी.नं ये-जा करायच्या दिवसांत या कादंबऱ्या वाचल्या, तेव्हा मला एक वेगळी वाट सापडली. तालुक्याच्या गावातून शिकणाऱ्या मुलांना ती जास्त सोयीची आहे, म्हणून सांगते.

वाट साधी आहे. पुस्तक हातात घेतलं की हुकूमशहा कोण आहे ते शोधू नका. तिथला कारकून शोधा. कागद कोण लिहितो, कोण तपासतो, कोण खोडतो आणि खोडल्याची खूण कुठे राहते, एवढंच बघत पानं उलटा.

‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी १९४९ च्या जूनमध्ये आली. तिच्यातला बिग ब्रदर पोस्टरवरून बाहेर येतच नाही. तो खरोखर आहे की नाही, हेही कळत नाही. नायक विन्स्टन स्मिथ मात्र पहिल्या पानापासून आपल्या समोर आहे, आणि तो काय करतो? सरकारी नोकरी. सत्य मंत्रालयाच्या नोंदी विभागात त्याचं टेबल आहे. नळीतून चिठ्ठी येते, की अमुक तारखेच्या वर्तमानपत्रात तमुक मजकूर ‘दुरुस्त’ करायचा आहे. तो जुना अंक मागवतो, नवा मजकूर सांगतो, अंक पुन्हा छापला जातो, जुन्या प्रती नष्ट होतात आणि चिठ्ठी भिंतीतल्या भोकातून भट्टीत जाते. चॉकलेटचं रेशन कमी करणार नाही, असं सरकारनं वचन दिलेलं असतं. ते तीस ग्रॅमवरून वीस ग्रॅमवर येणार म्हटल्यावर विन्स्टन त्या वचनाच्या जागी ‘एप्रिलमध्ये कपात करावी लागेल’ असा इशारा घालतो. पुढे तर रेशन वीस ग्रॅमपर्यंत ‘वाढवल्याबद्दल’ आभाराचे मोर्चे निघाल्याची बातमी येते. मोर्च्याचं आपल्याला हसू येतं. पण अभ्यासाचं खरं ठिकाण त्याच्या आधी आहे, टेबलावर: विन्स्टनला हे काम आवडतं. अवघड मजकूर जमला की त्याला कारागिरासारखं समाधान वाटतं. कादंबरीतली सगळ्यात भीतीदायक गोष्ट मला ही वाटली. शेवटी विन्स्टनसमोर धरला जाणारा उंदरांचा पिंजरा दुसऱ्या नंबरावर.

हे वाचताना आपल्याकडच्या मुलांना एक फायदा आहे, जो मोठ्या शहरातल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना कमी असतो. आपल्याला नोंद म्हणजे काय ते माहीत असतं. मेढा हे जावळी तालुक्याचं ठिकाण. इथली निम्मी वर्दळ तहसील, पंचायत समिती आणि कोर्टाच्या कामांची. घरात सातबाऱ्याची फाइल असते आणि तिच्यावरून भांडणंही झालेली असतात. तो उतारा एकदा कादंबरीशेजारी ठेवून बघा. आमच्या उताऱ्यावर पणजोबांचं नाव कंसात आहे, त्याखाली वारसांची नावं आणि शेजारी गोलात फेरफाराचा नंबर. जुनं नाव कंसात गेलं, पण गेलं नाही. नंबर घेऊन फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये पाहिलं की बदल कधी झाला, कशामुळे झाला, ते सापडतं. तलाठी नोंद धरतो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मंडळ अधिकारी ती मंजूर किंवा नामंजूर करतो. या वाटेवर काय काय घोळ होतात ते जावळीकरांना मी सांगायची गरज नाही. तरी पद्धतीचं तत्त्व बघा: बदल करणाऱ्यानं बदलाची खूण ठेवलीच पाहिजे. विन्स्टनच्या ऑफिसात नेमकं उलटं आहे. तिथे बदल होतो आणि बदल झाल्याची नोंदच नसते. ऑर्वेलनं उभी केलेली सत्ता फेरफार नोंदवही नसलेला सातबारा आहे. हे एवढं समजलं की ‘भूतकाळावर ताबा’ या गाइडातल्या मुद्द्यावर तुम्ही दोन पानं स्वतःच्या भाषेत लिहू शकता.

आजीला मी ही गोष्ट सांगितली होती. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, “पगार किती होता गं त्याला?” तेव्हा मला हसू आलं, पण नंतर पुस्तक परत चाळलं ते या प्रश्नासाठीच. पगाराचा आकडा काही हाती लागला नाही. पण त्याला काय मिळतं ते पानोपानी आहे. दाढीची पाती मिळत नाहीत. कँटीनमध्ये गिचका रस्सा, सॅकरिन घातलेली कॉफी आणि तेलकट वासाची जिन. थोडक्यात, फारसं काही मिळत नाही. मग तो हे काम का करतो? भीतीनं, सवयीनं आणि त्या कारागिरीच्या समाधानासाठी. आजीचा प्रश्न तुम्ही प्रत्येक डिस्टोपियन कादंबरीला विचारा. हे काम करणाऱ्याला त्याबद्दल काय मिळतं? उत्तर प्रत्येक पुस्तकात निराळं येतं आणि तुलनेच्या प्रश्नाला तेच उपयोगी पडतं.

हक्सलेच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये (१९३२) माणसं बाटल्यांत वाढवतात, हे सगळे लक्षात ठेवतात. त्याच प्रकरणात प्रत्येक गर्भाची माहिती ठेवणारी कार्डांची खोली आहे: अठ्ठ्याऐंशी घनमीटर कार्डं, आणि तिथला अधिकारी तो आकडा मोठ्या चवीनं सांगतो. त्याला काय मिळतं? सगळंच: सुख, सोमाच्या गोळ्या, सुट्ट्या. झाम्यातिनच्या ‘वी’मध्ये माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत, घरं काचेची आहेत, आणि पडदे ओढायचे तर गुलाबी कूपन लागतं. ब्रॅडबरीच्या ‘फॅरेनहाइट ४५१’मध्ये (१९५३) आग लावणाऱ्या बंबवाल्यांच्या नियमपुस्तिकेत दलाचा खोटा इतिहास छापलेला आहे. अ‍ॅटवूडच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (१९८५) क्रांती कशी कळते? नायिका कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेट घ्यायला जाते आणि तिचं कार्ड चालत नाही. तिला वाटतं, दुकानदारानं आकडा चुकीचा दाबला. त्याच दिवशी ऑफिसातल्या सगळ्या बायकांना कामावरून काढतात. बायकांची खाती गोठवलेली असतात आणि त्यासाठी रस्त्यावर एक गोळी झाडावी लागत नाही. कुणीतरी कुठेतरी बसून संगणकावर एक रकाना बदललेला असतो. हा प्रसंग नीट वाचला तर पुढचे लाल झगे आपोआप समजतात.

हक्सलेबद्दल एक आडवळण, जावळीकरांसाठी. त्या कादंबरीत खालच्या वर्गाच्या बाळांना विजेचे धक्के देऊन फुलांचा तिटकारा शिकवतात. कारण असं की फुलं फुकट दिसतात आणि फुकटच्या आनंदानं कारखाने चालत नाहीत. मात्र गावाबाहेर जाऊन खेळायच्या महागड्या खेळांची आवड मुद्दाम लावतात. मग प्रवासही होतो आणि सामानही खपतं. सप्टेंबरात कासच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत अडकलात तर हे प्रकरण आठवून बघा. हक्सलेचं गणित चुकलं, असं मला वाटतं. फुलांचा तिटकारा न शिकवताही कारखाने चालतात.

आता परीक्षेत सर्रास दिसणारा एक सापळा. ‘ऑर्वेलने सीसीटीव्हीचे भाकीत केले होते’ हे वाक्य कृपा करून लिहू नका. या कादंबऱ्यांना पंचांग करून टाकलं की मग काय खरं ठरलं, काय नाही, याची यादी तेवढी उरते. लेखकांनी भविष्य पाहिलं नव्हतं, आपल्या आसपास पाहिलं होतं. अ‍ॅटवूडनं तर स्वतःला नियमच घातला होता की इतिहासात कुठे ना कुठे घडलेलं नाही असं काही कादंबरीत घालायचं नाही. ऑर्वेलचं ऑफिसही हवेतून आलेलं नाही. १९४१ ते १९४३ तो लंडनला बी.बी.सी.च्या पूर्वेकडच्या विभागात, हिंदुस्थानसाठीच्या कार्यक्रमांवर नोकरीला होता. त्याची पत्नी आयलीन युद्धकाळात सेन्सॉर खात्यात काम करत होती. त्यानं लिहिलेली युद्धवार्तापत्रं भारतीय भाषांमध्ये भाषांतरित होऊन प्रसारित व्हायची, आणि त्यांत मराठीही होती. त्या विभागात त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांत कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. पुढे १९५० साली त्यांनी ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. १९४२ चा एक फोटो प्रसिद्ध आहे: टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद बसलेत, ऑर्वेल मागे उभा आहे, आणि बसलेल्यांच्या रांगेत वेणूताई आहेत. लघुप्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या एखाद्या मुलीनं त्यांचा माग काढला तर वीसजणींनी लिहिलेल्या ‘ऑर्वेल आणि पाळत’पेक्षा तो विषय कितीतरी ताजा ठरेल.

आणखी मागे गेलं तर ऑर्वेल बिहारमधल्या मोतिहारीत १९०३ साली जन्मला आणि १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात इंग्रज सरकारचा पोलीस अधिकारी होता. माणसांची नोंद ठेवून त्यांना ताब्यात ठेवणं म्हणजे काय, हे तो स्वतः खुर्चीत बसून शिकला. त्या काळात आपल्या भागात काय चाललं होतं? गुन्हेगार जमाती कायदा. १८७१ साली पहिल्यांदा झालेला, पुढे मुंबई इलाख्यातही आलेला, आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झालेला. एखादी जमातच जन्मानं गुन्हेगार ठरवायची, तिच्या माणसांची नावं रजिस्टरला चढवायची, रोज हजेरी घ्यायची, गाव सोडायचं तर परवानगी लागायची. अण्णा भाऊ साठे सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. त्यांची ‘फकिरा’ (१९५९) आपण वीरकथा म्हणून वाचतो. एकदा हजेरी मोजत वाचून बघा. लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ (१९८०) फलटण भागातलं, कैकाडी समाजातल्या मुलाचं आत्मकथन आहे. त्यातही कुठली नोंद माणसाला आत घेते आणि कुठली बाहेर ठेवते, ते शोधा. या पुस्तकांना मी डिस्टोपिया म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका, कारण ती घडलेल्या आयुष्याची पुस्तकं आहेत आणि परक्या चौकटीत कोंबली की त्यांची धार जाते. पण ‘नाइन्टीन एटी-फोर’च्या शेजारी ठेवून वाचली तर ऑर्वेलबद्दल एक प्रश्न नक्की उभा राहतो. विन्स्टन हा पक्षाचा माणूस. त्याच्यावर चोवीस तास पाळत. कादंबरीतल्या गोरगरिबांना, ‘प्रोल्स’ना, मात्र सत्ता बऱ्यापैकी मोकळं सोडते. आपल्याकडे पाळत आधी कुणावर बसली? तळाच्या माणसांवर. हा फरक ज्याला दिसला त्याचं उत्तर परीक्षकाला वेगळं वाटणारच.

जवळची उदाहरणं हवी असतील तर सातारा जिल्ह्यात ती भरपूर आहेत. तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ सालचं. ते वाचून मेणवलीला जाऊन या. वाईजवळ कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. लोक तिथे घाट बघायला जातात, सिनेमांचं शूटिंग कुठे झालं ते विचारतात. नाटकातला घाशीराम रात्रीच्या पुण्यात प्रत्येक गोष्टीला परवाना मागत हिंडतो आणि त्या परवान्यांच्या आड नाना निवांत असतो. खरा घाशीराम सावळदास १७९१ साली लोकांच्या हातून मारला गेला, तेव्हाही नाना शाबूत राहिले. हे नाटक इतिहास म्हणून वाचलं की नुसता वाद हाती लागतो. ‘कोतवाल नेमणारा कोण’ या प्रश्नानं वाचलं की विन्स्टनला जाळ्यात ओढणारा ऑर्वेलचा पक्षाधिकारी ओब्रायन कळतो.

दुसरं उदाहरण नावांचं आहे. अ‍ॅटवूडच्या नायिकेला स्वतःचं नाव नाही. ती ज्याच्या घरात आहे त्या पुरुषाच्या नावावरून तिला हाक मारतात. वर्गात हे ऐकताना आपण मान डोलावतो आणि अमेरिकेत असं होईल का, यावर चर्चा करतो. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात एक सरकारी समारंभ झाला. जिल्ह्यातल्या पावणेतीनशेच्या वर मुलींची नावं त्यात बदलली, कारण त्या सगळ्यांचं नाव ‘नकुशी’ होतं. मुलगा हवा होता, मुलगी झाली, आणि आईबापांच्या मनातलं ते सरळ जन्माच्या नोंदीत आणि शाळेच्या दाखल्यावर गेलं. हुकूमशहा कुठेच नव्हता. डॉ. जयंत नारळीकरांची ‘पुत्रवती भव’ ही कथा या सगळ्याच्या कितीतरी आधीची. हवं ते अपत्य मिळवायचं तंत्र हाती आलं तर समाजाचं काय होईल, हा तिचा विषय. ती कथा, अ‍ॅटवूड आणि २०११ सालच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या एकत्र घेतल्या तर लघुप्रबंधाचा आराखडा तयारच आहे. फक्त ज्यांची नावं बदलली त्या मुली आता मोठ्या झाल्यात. त्यांना शोधत त्यांच्या दारात जाऊ नका.

तिसरं आणीबाणीचं. १९७५ चं मराठी साहित्य संमेलन कराडला झालं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. ‘डिस्टोपियात प्रतिकार’ हा प्रश्न येतो तेव्हा विन्स्टनच्या डायरीपाशी थांबू नका. सेन्सॉर असताना कराडची बातमी कुठल्या पेपरात किती छापली गेली, हे जुन्या अंकांत जाऊन बघा. मोठ्या ग्रंथालयांत जुने अंक बांधून ठेवलेले असतात. विन्स्टनच्या जगात हा अंक सापडलाच नसता, आपल्याला सापडतो. हा अभ्यास मी सगळ्यांना करायला सांगेन, प्रबंधाचा विषय वेगळा असला तरी.

आणि कोयना. धरण १९६४ साली पूर्ण झालं आणि पाणी मागे बामणोली-तापोळ्यापर्यंत चढलं. गावं उठली, कुणी डोंगरावर वर सरकलं, कुणाचं पुनर्वसन दूर दुसऱ्या जिल्ह्यांत झालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी जोती उघडी पडतात. त्या पिढीचे लोक जावळीत अजून भेटतात आणि आपल्यातल्या काहींच्या घरातच आहेत. गाव नाहीसं झाल्यावर त्याचं नाव कोणत्या कागदावर राहिलं, लग्नपत्रिकेत कोणतं गाव छापतात, प्रकल्पग्रस्ताचा दाखला घरात कुठे ठेवलाय, असले प्रश्न विचारले की बोलणं सुरू होतं. ‘तुमचं आयुष्य डिस्टोपियन होतं का’ असलं काही विचारलंत तर आजोबा चहा पाजतील आणि विषय बदलतील. त्यांना आपले शब्द देऊ नका, त्यांचे घ्या.

आता थोडं पुस्तकं मिळवण्याबद्दल. आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. ऑर्वेल जानेवारी १९५० मध्ये गेला, म्हणजे २०११ पासून त्याचं लेखन भारतात मुक्त आहे. बाजारात त्याच्या स्वस्त आवृत्त्यांचा पूर आलाय तो त्यामुळे. हक्सले १९६३ मध्ये गेला. तोही २०२४ पासून मोकळा. हे दोघे मोबाइलवर फुकट आणि कायदेशीर वाचता येतात. ब्रॅडबरी २०१२ मध्ये गेला आणि अ‍ॅटवूड तर अजून लिहितेय, त्यामुळे त्यांची पुस्तकं वाचनालयातून घ्या किंवा चौघांत मिळून विकत घ्या. ग्रुपवर फिरणारी पीडीएफ नको. झाम्यातिनच्या बाबतीत मूळ रशियन मुक्त असलं तरी प्रत्येक भाषांतराचा हक्क वेगळा असतो, ते तपासा. आणि स्वस्तातली ‘नाइन्टीन एटी-फोर’ घेताना शेवटची पानं उघडून बघा: तिथल्या सत्तेच्या न्यूस्पीक भाषेवरचं परिशिष्ट आहे का? अमेरिकेतल्या एका मोठ्या बुक क्लबला ते गाळून हवं होतं आणि ऑर्वेलनं पैशाचं नुकसान सोसायची तयारी ठेवून नकार दिला होता. ते परिशिष्ट सगळं भूतकाळात लिहिलंय, जणू ती सत्ता आता संपलीय. अ‍ॅटवूडनं याच्यावरच बोट ठेवलंय, आणि तिच्या स्वतःच्या कादंबरीचा शेवटही २१९५ सालच्या एका परिषदेतल्या प्राध्यापकाच्या भाषणानं होतो. दोन्ही शेवट एकाशेजारी एक ठेवा. सोळा मार्कांचा प्रश्न आहे तो.

मराठी विज्ञानकथा मिळवायच्या तर भिलारला जा. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं हे गाव २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं ठेवलीत, तिथे बसून फुकट वाचायची. नारळीकरांची ‘वामन परत न आला’ तिथे मिळाली तर पाच-सहा तासांत संपते. माणसानं बनवलेलं यंत्र माणसाच्या पुढे गेलं तर काय, यावर ती १९८६ साली आलेली आहे. आज ती वाचायला वेगळीच मजा येते.

इंग्रजीची भीती असेल तर सुरुवात ‘अ‍ॅनिमल फार्म’नं करा. शंभरेक पानं, सोपी वाक्यं, आणि कारकूनही आहे: रात्री शिडी लावून भिंतीवरचे नियम बदलणारं स्क्विलर डुक्कर. मग ‘फॅरेनहाइट’, मग ‘नाइन्टीन एटी-फोर’. अ‍ॅटवूड शब्दांशी फार खेळते, ती शेवटी. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ची पहिली तीन प्रकरणं कठीण आहेत, कारण तिसऱ्यात तो तीन-चार संवाद एकमेकांत कापून ठेवतो. तिथे अडलात तर तो दोष तुमचा नाही. पेन्सिलीनं प्रत्येक संवादाला वेगळी खूण करत जा, गुंता सुटतो. ऑर्वेलच्या दोन्ही पुस्तकांचे मराठी अनुवाद आहेत. ते आधी वाचले तर बिघडत नाही, पण परिशिष्ट आणि उंदरांच्या पिंजऱ्याचं ‘रूम १०१’चं प्रकरण मूळ इंग्रजीतच वाचा. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नका; न्यूस्पीकचे शब्द तसेही तिच्यात सापडणार नाहीत. एस.टी.त मोठी पुस्तकं वाचायच्या फंदात पडू नका, केळघर घाटात तर नाहीच. प्रवासात नुसत्या आपल्या टिपा चाळाव्यात.

टिपांची वही अशी करा की डाव्या पानावर सत्ता काय म्हणते ते आणि उजव्या पानावर त्याच प्रकरणात माणसं काय खातात, कशाला रांग लावतात, कोणता कागद दाखवतात ते. पानाचा नंबर आणि आवृत्ती लिहायला विसरू नका, नाहीतर प्रबंधाच्या वेळी रडायची पाळी येते. गाइड आणि मोबाइलवरचा सारांश वापरायचा तर पुस्तक वाचून झाल्यावर. ‘फॅरेनहाइट’मधला बंबवाल्यांचा प्रमुख बीटी सांगतोच की पुस्तकं जाळायची वेळ उगाच आली नाही, लोकांनी आधी सारांश मागितले, मग सारांशाचे सारांश. मालिकांबद्दलही तेच. ‘हँडमेड्स टेल’ची मालिका कादंबरीच्या कितीतरी पुढे गेलीय आणि तिच्यातला प्रसंग कादंबरीतला म्हणून लिहिला की परीक्षकाला लगेच कळतं.

उत्तराची सुरुवात टॉमस मोरच्या १५१६ सालच्या ‘युटोपिया’पासून करायची आपल्याकडे रीत आहे. त्यात अर्धं पान जातं. त्याऐवजी पहिल्याच वाक्यात एक प्रसंग ठेवा, चॉकलेटचं रेशन किंवा न चाललेलं कार्ड, आणि तिथून मुद्द्याकडे या. मोर नंतर एका ओळीत येऊ द्या.

एक गोष्ट शिक्षक सहसा बोलत नाहीत. ही पुस्तकं सलग वाचली की मन काळवंडतं. मधल्या सुट्टीसारखं काहीतरी ठेवा. बेगम रुकय्या यांची ‘सुलतानाज ड्रीम’ १९०५ सालची छोटीशी गोष्ट आहे. पुरुष पडद्यात आणि बायका सौरऊर्जेवर राज्य चालवतायत; तासाभरात वाचून होते आणि हसू येतं. किंवा महात्मा फुल्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ घ्या. एकाच घरात बाईनं एक धर्म पाळावा, नवऱ्यानं दुसरा, मुलांनी आणखी वेगळा आणि सगळ्यांनी गोडीनं राहावं, असं चित्र मांडणारा हा माणूस मूळच्या कटगुणचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या घराण्याचा. डिस्टोपियाच्या पेपरात फुले आणायला कुणी मनाई केलेली नाही.

राहिला मुलाखतींचा प्रश्न. धरणाच्या गावचं किंवा आणीबाणीतलं कुणी तुमच्याशी बोललं तर रेकॉर्डिंगला आधी विचारा, प्रबंधात नाव बदला, आणि टाइप केलेला मजकूर त्यांच्या घरी नेऊन वाचून दाखवा. एखादं वाक्य ते मागे घेतील, एखादं नव्यानं सांगतील. दुरुस्ती जरूर करा, पण पहिली प्रतही वहीत राहू द्या आणि शेजारी लिहून ठेवा: कोणत्या तारखेला, कुणी, का बदललं.